घाट

तिसरी रात्र, बेगाइम.
सात वाजले की तू मुठी आवळतेस,
गुडघे पोटाशी ओढतेस
आणि लालबुंद होऊन असा टाहो फोडतेस
की खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर
हीटरच्या पाइपवर चमचा आपटतात.
काल त्यांनीच दाराशी बाळंतशेपेची पुरचुंडी ठेवली.
बोलले काही नाहीत. टोपी सारखी करून जिना उतरले.

तुझी आई भिंतीकडे तोंड करून पडलीय.
झोपलेली नाही, खांदे जागे आहेत तिचे.
जिपारा, म्हटलं, आज मी बघतो.
ती म्हणाली, या हातांनी?

खरंय.
नखांच्या मुळाशी डिझेल, साबणाला न जुमानणारं.
बर्फात चाकांना साखळ्या चढवताना
अंगठा चिरलेला, तो अजून भरला नाही.
लोखंडाशी बोलायची सवय यांना,
आणि तुझं पोट
ढोलकीसारखं ताणलेलं, वर निळसर शीर एकच.

सायराकान आपांनी माझे हात धरले,
कोमट पाण्यात बुचकळले,
मेंढीच्या शेपटीची चरबी तळव्यावर चोळली
ती वितळून चमकेपर्यंत.
गार हात लागला, म्हणाल्या, की पोट गोगलगाईसारखं मिटतं.
आणि दाबू नकोस रे,
दाबायला दार असतं.
इथे नुसती वाट दाखवायची.

मग त्यांनी बोटाने वाट दाखवली:
तिच्या उजव्या कुशीतून वर,
बरगड्यांखालून आडवं,
डाव्या कुशीतून खाली.
मी पाहत राहिलो.
अहो आपा, हा तर दोलोन!

कोचकोर सोडलं की चढ लागतो,
पिठाची दोनशे पोती मागे, गिअर खालचा,
घाई केली तर इंजिन घोरतं.
माथ्यावर सपाट, तिथला वारा माणसाला नाव विसरायला लावतो.
आणि मग नारीनकडे उतार.
उतारावर ब्रेक दाबून धरायचा नसतो,
गाडीला तिच्या तिच्या वजनाने येऊ द्यायचं,
आपण फक्त सोबत.

तू जन्मलीस त्या रात्री
मी याच माथ्यावर अडकलो होतो,
पुढे सतरा ट्रक, मागे किती कोण जाणे.
फोनला रेंज नव्हती.
पहाटे बर्फ हटलं तेव्हा
तू सहा तासांची झाली होतीस.
जिपाराने त्यावर कधी शब्द काढला नाही.
काढायला हवा होता.

चल, पुन्हा चढू.
उजवीकडून, सावकाश.
तू आणखी जोरात रडतेस, मी हात उचलत नाही,
दाबतही नाही.
आडवं.
खाली.
पाय धरून गुडघे पोटावर टेकवतो, सोडतो,
सायकल चालवावी तसे, एक, मग दुसरा.
टाचा केवढ्या तुझ्या! जर्दाळूची बी.
किती फेऱ्या झाल्या मोजल्या नाहीत,
ट्रकवालाही घाट मोजत नाही.

मग बोटाखाली काहीतरी हललं.
गोठलेल्या नदीच्या आत पाणी बोलावं तसं,
आधी लांब, मग जवळ,
मग एवढ्याशा जिवातून
एवढा मोठा, बेशरम, लांबलचक वारा!

भिंतीकडच्या खांद्यांना गदगदा हलताना पाहून
मला वाटलं, रडतेय.
हसत होती.
दोन महिन्यांत पहिल्यांदा, तोंडात उशीचं टोक धरून.
तू मूठ उघडलीस.
आत लोकरीचा एक धागा होता,
माझ्याच स्वेटरचा, कधी उपटलास देव जाणे.

दोन वाजता तू पुन्हा सुरू झालीस.
मी हात हीटरवर धरले,
चरबीची वाटी जवळ ओढली.
खालून चमचा वाजला,
एकदाच, हलका,
पुढच्या गाडीने मागच्या गाडीला
हॉर्न द्यावा तसा.